एक बोट आणि चार तारा : बासवादक जेम्स जेमर्सन



स्नेहसंमेलनाच्या तालमी चालू होत्या तेव्हा आठवीतल्या एका मुलाचे वडील मला भेटायला आले. मुलगा तीन वर्षं गिटार शिकतोय, आता त्याला बास गिटार हवी आहे. वडिलांनी मोबाइलवर चांगली लांबलचक यादी तयार करून आणली होती. चार तारांची, पाच तारांची, इतक्या वॅटचा अँप, सोबत पायाने दाबायचे तीन पेडल. किंमत ऐकून मीच गप्प झालो. यातलं नेमकं काय घ्यावं, असा त्यांचा प्रश्न होता.

मी काही दुकानदार नाही. पण गाणं आवडतं आणि थोडंफार वाचलेलं आहे. म्हणून मी त्यांना एका माणसाची गोष्ट सांगितली. ती सांगून झाल्यावर त्यांनी यादीतल्या निम्म्या वस्तू स्वतःच खोडल्या. तीच गोष्ट आज इथे लिहितोय. चरित्र म्हणून वर्गात वाचून दाखवता येईल आणि घरात वाद्य घेण्याची वेळ आली तर पालकांनाही उपयोगी पडेल.

आधी थोडं बास गिटारविषयी

साध्या गिटारला सहा तारा असतात, बास गिटारला बहुधा चार. या तारा जाड असतात आणि सूर खालचा, खर्जातला असतो. भजनात डग्ग्याचा घुमार आणि तानपुऱ्याचा खर्ज गाण्याला खालून धरून ठेवतात ना, साधारण तसंच काम पाश्चात्त्य वाद्यवृंदात बास करते. ती ताल आणि सूर या दोघांच्या मधोमध उभी असते. गंमत अशी की ती चालू असते तेव्हा बऱ्याच जणांचं तिच्याकडे लक्ष जात नाही. बंद पडली की मात्र गाण्यातून काहीतरी गेलं, हे लहान मुलालाही कळतं.

आपल्याकडे गणपतीत ऑर्केस्ट्रा येतो. गायक पुढे, निवेदक पुढे, आणि बासवाला मागे ड्रमच्या शेजारी उभा. त्याचं नाव कुणाला माहीत नसतं. जेम्स जेमर्सन यांचं अर्ध्याहून जास्त आयुष्य असंच गेलं. जगाने त्यांचे सूर ऐकले, नाव मात्र फार उशिरा ऐकलं.

बालपण

जेम्स ली जेमर्सन याचा जन्म २९ जानेवारी १९३६ रोजी अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्यात एडिस्टो बेटावर झाला. हे बेट चार्ल्स्टन शहराच्या जवळ आहे. त्या काळी दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या लोकांसाठी शाळा वेगळी, बसमधली जागा वेगळी, सगळंच वेगळं होतं. घरची परिस्थिती साधीच. पण घरात संगीत होतं. आजी पियानो वाजवायची, मावशी चर्चमध्ये गायची. छोटा जेम्स पियानो शिकला आणि लोकांसमोर वाजवूही लागला. रेडिओवर चर्चची भजनं, ब्लूज, जॅझ असं जे लागेल ते तो ऐकायचा.

त्याच्या लहानपणाची एक गोष्ट सांगतात. त्याने एका काठीला रबर ताणून बांधलं, ती काठी मुंग्यांच्या वारुळात रोवली आणि रबर छेडत बसला. आवाजाने मुंग्या नाचतात का, ते त्याला बघायचं होतं. ही त्याची पहिली एकतारी म्हणायला हरकत नाही! आपल्या वर्गातही असं पोर असतंच. बाकावर पट्टी अर्धी बाहेर काढून टणटण वाजवणारं. आपण त्याला ओरडतो. मीही ओरडलोय.

डेट्रॉईट आणि शाळा

१९५४ साली जेम्स आईबरोबर उत्तरेला डेट्रॉईट शहरात आला. डेट्रॉईट म्हणजे मोटारींचं शहर. कारखान्यांत काम मिळतं म्हणून दक्षिणेतली असंख्य काळी कुटुंबं तिकडे जात होती. जेम्सचं नाव नॉर्थवेस्टर्न हायस्कूलमध्ये घातलं गेलं. तिथे त्याने हातात घेतला डबल बास.

डबल बास म्हणजे माणसापेक्षा उंच, उभं धरून वाजवायचं लाकडी वाद्य. दिसायला राक्षसी व्हायोलिनसारखं. याला पडदे नसतात. सूर नेमका कुठे आहे, ते कानानेच शोधावं लागतं. तारेचा वाजणारा भाग जवळजवळ १०५ सेंटिमीटर लांब. तार दाबायला बोटांत ताकद लागते आणि ओढायलाही लागते. रे ब्राउन, पॉल चेंबर्स, पर्सी हीथ हे त्या काळचे मोठे जॅझ बासवादक जेम्सचे आदर्श होते.

या ठिकाणी शिक्षक म्हणून मला थांबावंसं वाटतं. पुढे जगभर ज्याचं अनुकरण झालं, त्या हाताची घडण एका सरकारी शाळेतल्या संगीताच्या तासाला सुरू झाली. शाळेत वाद्य होतं, म्हणून त्या मुलाच्या हाताला ते लागलं. शाळा संपल्यावर त्याने स्वतःचा जर्मन बनावटीचा डबल बास घेतला आणि डेट्रॉईटच्या क्लबांमधून जॅझ आणि ब्लूज वाजवू लागला.

तळघरातला स्टुडिओ

बेरी गॉर्डी नावाचा तरुण पूर्वी मोटारीच्या कारखान्यात काम करायचा. १९५९ साली त्याने डेट्रॉईटमध्ये गाण्यांची कंपनी काढली. तिचंच नाव पुढे मोटाउन पडलं. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्ड रस्त्यावरचं एक साधं घर घेऊन त्यातच स्टुडिओ केला. स्टुडिओची खोली लहान, खाली जिने उतरून जायचं, आणि छताला तारांचं जाळं लोंबलेलं. वादक तिला सापांचा खड्डा म्हणायचे. कंपनी सुरू झाली त्याच वर्षापासून जेमर्सन तिथे नियमित वाजवू लागले.

तिथे ठरलेल्या वादकांचा एक संच तयार झाला. त्यांना फंक ब्रदर्स म्हणत. पियानोवर अर्ल व्हॅन डाईक, ड्रमवर बेनी बेंजामिन, गिटारवर रॉबर्ट व्हाईट, एडी विलिस आणि जो मेसिना. आज एका गायकाचं गाणं, उद्या दुसऱ्याचं, पण मागे वाजवणारे हेच. जेमर्सन आणि बेनी बेंजामिन यांची जोडी तर पखवाज आणि टाळ यांच्यासारखी जमली होती.

सुरुवातीची गाणी जेमर्सन यांनी डबल बासवर वाजवली. मार्था अँड द व्हँडेलाज यांचं १९६३ सालचं 'हीट वेव्ह' आणि मेरी वेल्स यांचं १९६४ सालचं 'माय गाय' ही त्यातली गाजलेली.

नवं वाद्य हातात आलं

आता थोडं मागे जाऊ. कॅलिफोर्नियात लिओ फेंडर नावाचे एक गृहस्थ रेडिओ दुरुस्तीचं काम करायचे. स्वतःला गिटार वाजवता येत नसे, पण वादकांची अडचण त्यांना बरोबर कळायची. डबल बास वाहून न्यायला अवघड, आणि मोठ्या बँडच्या आवाजात तो ऐकूच येत नाही. म्हणून १९५१ साली त्यांनी गिटारसारखी खांद्याला अडकवायची, विजेवर चालणारी बास बाजारात आणली. तिला पडदे होते, त्यामुळे सूर नेमका लागतो. म्हणून नावच प्रिसिजन बास. तार ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर.

१९६० च्या सुमारास जेमर्सन गायक जॅकी विल्सन यांच्याबरोबर दौऱ्यावर जायचे. त्याच काळात ते विजेच्या बासकडे वळले. पहिली चांगली प्रिसिजन बास त्यांना डेट्रॉईटच्याच एका बासवादक मित्राकडून मिळाली. काळ्या रंगाची होती. ती चोरीला गेली. मग १९६२ साली बनलेली एक प्रिसिजन बास त्यांच्याकडे आली. दुकानात मिळते तशीच, काही खास बनवून घेतलेली नाही. तिला पुढे लोक फंक मशीन म्हणू लागले. मोटाउनच्या भरभराटीच्या काळातली कितीतरी गाणी या एकाच वाद्यावर वाजलेली आहेत.

हाताला जुळलेलं साहित्य

पालकांनी हा भाग जरा सावकाश वाचावा.

विजेची बास हातात आली तरी जेमर्सन यांचा हात डबल बासचाच राहिला. इतर लोक दोन बोटं आलटून पालटून वापरायचे, काही जण नखीने वाजवायचे. जेमर्सन उजव्या हाताचं फक्त पहिलं बोट वापरत. डबल बासची तार ओढायची सवय तशीच इथे आली. या बोटाला मित्रांनी हुक असं नावच ठेवलं होतं. वेगाने धावणारे, आडवेतिडवे सूर हे एवढ्या एका बोटाने निघायचे! मोकळ्या तारा मध्ये मध्ये वापरायची सवयही डबल बासवरचीच.

आता या हाताला साजेसं बाकीचं साहित्य कसं होतं, ते बघा.

तारा : गुळगुळीत, चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या आणि भरपूर जाड. सगळ्यात जाड तार जवळजवळ २.८ मिलिमीटरची. अशा तारेचा आवाज गोल, बुटका आणि लाकडी येतो, म्हणजे डबल बासच्या जवळ जाणारा. खरखर नाही, चकचकाट नाही. आणि तार तुटल्याशिवाय ते बदलत नसत. तारेवर साचलेल्या मळानेच सूर पिकतो, असं त्यांचं मत होतं म्हणतात.

तारांची उंची : तारा पट्टीपासून बऱ्याच वर उचललेल्या. दुसऱ्या वादकांना ती बास वाजवताना बोटं दुखायची. जेमर्सन यांची बोटं मात्र डबल बासवर तयार झालेली, त्यांना त्याचं काही वाटायचं नाही.

स्पंज : घोडीवर धातूचं झाकण असायचं आणि त्याखाली स्पंजचा तुकडा. तो तारांना हलकेच टेकायचा. त्यामुळे सूर लांबत राहत नसे. ठण् वाजला आणि विरला. म्हणून वेगात वाजवलं तरी एका सुरावर दुसरा सूर चढत नाही, प्रत्येक सूर मोकळा ऐकू येतो.

बटणं : प्रिसिजन बासला दोनच बटणं, एक आवाजाचं आणि एक टोनचं. जेमर्सन दोन्ही पूर्ण उघडी ठेवत. आवाज लहान-मोठा, मऊ-कडक करायचा तो बोटानेच.

अँप : क्लबमध्ये वाजवताना अँपेग कंपनीचा बी-१५ हा एका १५ इंची स्पीकरचा अँप. त्यावर खर्ज पूर्ण आणि वरचा आवाज अर्ध्यावर. स्टुडिओत तर बहुतेक वेळा अँपच नाही. बासची वायर थेट मिक्सिंगच्या टेबलात. तिथे आवाज किंचित फाटेल इतका भरून घेतला जाई, म्हणून त्याला थोडी ऊब यायची. लोक हे संगीत मोटारीतल्या छोट्या रेडिओवर ऐकणार, हे मोटाउनला माहीत होतं. म्हणून तयार गाणं तशाच छोट्या स्पीकरवर लावून तपासलं जाई.

एवढंच. एक साधी बास, एक तारांचा संच, एक स्पंज, एक बोट. पेडल नाही, दुसरं काही नाही. यातली प्रत्येक गोष्ट त्या हातासाठी योग्य होती. माझ्या-तुमच्या मुलाला हीच बास दिली तर तो दोन दिवसांत कंटाळून खाली ठेवेल, कारण तिच्या तारा त्याला दाबताच येणार नाहीत.

गाणी

१९६४ च्या अखेरीस द टेम्पटेशन्स यांचं 'माय गर्ल' आलं. सुरुवातीला फक्त बास वाजते, छातीच्या ठोक्यासारखी. मग गिटार येते, मग आवाज. ते पहिले ठोके जेमर्सन यांचे. तिथे त्यांनी अगदी थोडं वाजवलं आहे. उलट स्टीव्ही वंडर यांच्या १९६८ सालच्या 'फॉर वन्स इन माय लाईफ' मध्ये बास एक क्षण स्वस्थ बसत नाही. गायक एक गाणं म्हणतोय आणि खाली बास दुसरं गाणं म्हणतेय, तरी दोघं एकमेकांच्या पायात येत नाहीत. फोर टॉप्स यांचं 'बर्नाडेट', मार्व्हिन गे आणि टॅमी टेरेल यांचं 'एन्ट नो माउंटन हाय इनफ' ही दोन्ही १९६७ सालची. कधी थोडं वाजवायचं आणि कधी भरपूर, हे त्यांना गाणं ऐकून कळायचं. हे कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही.

इंग्लंडमध्ये बीटल्सचे पॉल मॅकार्टनी ही गाणी कान देऊन ऐकायचे. आपल्यावर या बासवादकाचा प्रभाव आहे, असं त्यांनी पुढे अनेकदा मोकळेपणाने मान्य केलं. पण त्या वेळी नाव माहीत नव्हतं. कारण तबकडीच्या वेष्टनावर फंक ब्रदर्सची नावंच छापली जात नसत.

पैसे मिळत नव्हते असं नाही. १९६८ च्या सुमारास कंपनी त्यांना आठवड्याला १,००० डॉलर द्यायची, आणि ती रक्कम तेव्हा चांगलीच मोठी होती. पण गाणं विकलं गेलं की गायकाचं आणि कंपनीचं नाव व्हायचं. चार तारांवर ती चाल रचणारा माणूस पगारी नोकरच राहिला.

१९७१

मार्व्हिन गे 'व्हॉट्स गोइंग ऑन' हे गाणं करत होते. त्यांना बासवर जेमर्सनच हवे होते. शोधाशोध केली तर ते एका क्लबमध्ये सापडले, आणि प्यायलेले होते. स्टुडिओत आणलं तेव्हा त्यांना नीट बसवत नव्हतं, म्हणून त्यांनी जमिनीवर उताणं पडून ती बास वाजवली असं सांगतात. घरी गेल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं की आज काहीतरी फार मोठं काम झालं आहे. १९७१ साली त्याच नावाचा संच निघाला. त्यावर मात्र वादकांची नावं छापली होती आणि जेमर्सन यांचं नाव गौरवाने घेतलं होतं. बारा वर्षं वाजवल्यावर!

मुलांना ही गोष्ट सांगताना दारूचा भाग लपवू नये, आणि त्याची गंमतही करू नये. तो माणूस उताणं पडूनही सुंदर वाजवू शकला, हे खरं. पण त्याच दारूने पुढे काय केलं, तेही याच गोष्टीत आहे.

काळ बदलला

१९७२ साली मोटाउनने आपलं बस्तान डेट्रॉईटहून लॉस एंजेलिसला हलवलं. वादकांना अचानक काम उरलं नाही. जेमर्सन मागोमाग लॉस एंजेलिसला गेले. १९७३ साली कंपनीशी त्यांचा संबंध संपला. काही काळ इतरांसाठी वाजवलं, त्यातली काही गाणी गाजलीही.

पण बासचा आवाज बदलत होता. गोल तारेने गुंडाळलेल्या तारा आल्या. त्यांचा आवाज धारदार, चकाकणारा. अंगठ्याने तार ठोकून आणि बोटाने ओढून वाजवायची नवी पद्धत आली. महागड्या, नव्या बनावटीच्या बास आल्या. निर्मात्यांना तो आवाज हवा होता. जेमर्सन यांना मात्र आपल्या जुन्या तारा, आपला स्पंज आणि आपलं एक बोट सोडवेना. कुणी म्हणेल हा हट्ट होता. कुणी म्हणेल निष्ठा होती. मला वाटतं, दोन्ही होतं. ज्या गोष्टींनी त्यांना घडवलं, त्याच गोष्टींनी पुढे दारं बंद केली. त्यात दारू होतीच. हळूहळू कामं थांबली.

मार्च १९८३ मध्ये मोटाउनला पंचवीस वर्षं झाल्याचा मोठा सोहळा पॅसाडिना शहरात झाला. मायकल जॅक्सन यांची ती प्रसिद्ध मागे सरकणारी चाल लोकांनी पहिल्यांदा पाहिली, तोच हा कार्यक्रम. ज्या गाण्यांचा तो सोहळा होता, त्यातली कितीतरी गाणी ज्यांच्या बासवर उभी होती, ते जेमर्सन तिकीट काढून वरच्या सज्जात प्रेक्षकांत बसले होते.

त्यानंतर काही महिन्यांत, मरणाच्या काही दिवस आधी, त्यांची ती १९६२ सालची बासही चोरीला गेली. ती अजून सापडलेली नाही. २ ऑगस्ट १९८३ रोजी यकृताच्या आजाराने लॉस एंजेलिसमध्ये त्यांचं निधन झालं. वय अवघं ४७. दफन डेट्रॉईटला झालं.

नंतर

१९८९ साली ॲलन स्लट्स्की यांनी जेमर्सन यांच्या आयुष्यावर आणि वादनावर पुस्तक लिहिलं. त्यांच्या बासच्या ओळी सुरलिपीत छापल्या. २००० साली अमेरिकेच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांची निवड झाली. २००२ साली फंक ब्रदर्सवर माहितीपट आला. आज जगात कुठेही बास शिकवणारा शिक्षक असो, तो जेमर्सन यांच्या ओळी विद्यार्थ्यांकडून घोटून घेतो. त्या वेष्टनावर नसलेलं नाव आता प्रत्येक बासवादकाला पाठ आहे.

मग सगळ्यांनी हीच बास घ्यायची का?

नाही ना! हाच तर मुद्दा आहे. आणखी दोन माणसं बघा.

पॉल मॅकार्टनी डावखुरे. १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये त्यांनी हॉफनर कंपनीची व्हायोलिनच्या आकाराची बास घेतली. एक तर ती स्वस्त होती. दुसरं म्हणजे तिचा आकार दोन्ही बाजूंनी सारखा, त्यामुळे डाव्या हाताने धरली तरी उलटी दिसत नाही. हलकी, आखूड तारांची. गाता गाता वाजवणाऱ्याला सोयीची.

दुसरे फ्लोरिडाचे जाको पास्टोरियस. त्यांना बासवर चाल गायची होती, सूर घसरवत न्यायचे होते, अगदी आपल्या मींडेसारखे. त्यासाठी त्यांची १९६२ सालची जॅझ बास पडदे काढून टाकलेली होती आणि पट्टीवर टणक रोगण दिलेलं होतं. तारा गोल गुंडाळीच्या, धारदार. म्हणजे जेमर्सन यांच्या अगदी उलट. जेमर्सन यांना सूर लवकर विरायला हवा होता, जाको यांना तो गात राहायला हवा होता. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

पालकांसाठी चार गोष्टी

१. आधी मुलाला विचारा की त्याला कोणाचं वादन आवडतं. त्याने चार गाणी लावून दाखवू देत. त्यातला बासचा आवाज गोल आहे की धारदार, ते तुम्हालाही ऐकू येईल. निवड तिथून सुरू होते.

२. दुकानात बास मुलाच्या गळ्यात अडकवून दहा मिनिटं उभं राहायला सांगा. ती चार किलोच्या आसपास असते. खांदा दुखला किंवा पहिल्या पडद्यापर्यंत बोट पोचलं नाही, तर ३० इंची, आखूड तारांची बास बघा. चार तारा पुरेशा आहेत. आणि आवाज आवडला नाही तर लगेच नवी बास नको. आधी तारा बदलून बघा, तारांची उंची जाणकाराकडून नीट करून घ्या. घोडीजवळ तारांखाली स्पंजचा तुकडा घालायला तर खर्चच येत नाही.

३. बाससाठी बासचाच अँप घ्या. साध्या गिटारच्या अँपवर मोठ्या आवाजात बास वाजवली तर स्पीकर फाटू शकतो. घरी सरावाला छोटा अँप किंवा हेडफोन चालतो. पेडलची घाई नको.

४. तरीही मुलाला कधीतरी वेगळ्या तारा, वेगळी पद्धत वापरून बघू द्या. आपला आवाज सापडणं चांगलं. पण दुसरा आवाज शिकायची तयारी असली तर उद्या काम थांबत नाही. जेमर्सन यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध हेच सांगतो.

वर्गासाठी उपक्रम

एक गाणं लावा. कोणतंही चालेल, मराठी सिनेमातलंही. मुलांना सांगा, गायकाकडे लक्ष द्यायचं नाही, फक्त खालचा जाड आवाज शोधायचा आणि त्याच्याबरोबर बाकावर एका बोटाने ठेका धरायचा. पहिल्यांदा निम्म्या वर्गाला तो सापडणारच नाही. दुसऱ्यांदा सापडेल. मग विचारा : आपल्या शाळेत असं कोण आहे, ज्याचं काम रोज चालू असतं पण नाव कुणी घेत नाही? मुलं शिपाईकाकांचं नाव घेतील, पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंचं घेतील. त्या दिवशी पाच ओळी त्यांच्यावर लिहून घ्या.

जाता जाता, त्या पालकांचं काय झालं ते सांगतो. त्यांनी एक वापरलेली, साधी चार तारांची बास आणि एक छोटा अँप घेतला. उरलेल्या पैशांत वर्षभराची शिकवणी लावली. परवा पोरगं भेटलं. उजव्या हाताचं पहिलं बोट पुढे करून दाखवत होतं. त्याला घट्टा पडायला लागलाय.